लक्षणांचा तक्ता : खरा, पण अपुरा

प्राथमिक आरोग्य केंद्राची भिंत, औषधाच्या दुकानातील दिनदर्शिका, शाळेच्या आरोग्य सप्ताहात मुलांनी रंगवलेले फलक, अशा अनेक ठिकाणी एक तक्ता आपल्याला भेटतो. मथळा असतो 'मधुमेह ओळखा'. खाली यादी असते : वारंवार लघवी होणे, सतत तहान लागणे, खूप भूक लागणे, वजन घटणे, थकवा, अंधुक दिसणे, जखमा लवकर न भरणे. बाजूला पोट सुटलेल्या एका गृहस्थाचे चित्र. शेवटची ओळ बहुधा अशी : यांपैकी लक्षणे आढळल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पुस्तकाचे परीक्षण करतात तसे या तक्त्याचेही करायला हवे. पाठ्यपुस्तकाबाहेर मधुमेहाविषयी इतके वाचले जाणारे दुसरे लेखन क्वचितच असेल, आणि त्याच्या प्रसाराचे काम बऱ्याचदा शिक्षकांकडेच येते. परीक्षणाचे निकष तीनच ठेवू. तक्त्यात लिहिलेले खरे आहे का? ज्या कामासाठी तो लावला आहे ते काम तो करतो का? आणि वाचणारा त्यातून काय समजून घेतो?

पहिल्या निकषावर तक्ता उत्तीर्ण होतो. यादीतील प्रत्येक ओळ वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे. अडचण दुसऱ्या व तिसऱ्या निकषाची आहे. 'लक्षणे असतील तर तपासणी करा' या वाक्यातून 'लक्षणे नसतील तर तपासणीची गरज नाही' असा अर्थ वाचणारा काढतो. गणिताच्या शिक्षकांना ही चूक ओळखीची आहे. पाऊस पडला तर अंगण ओले होते, म्हणून पाऊस नसताना अंगण कोरडेच असेल असे नाही. प्रौढांच्या मधुमेहात मात्र ही तर्कातली चूक वहीत लाल शाईची खूण होऊन थांबत नाही. तिची किंमत डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांच्या रूपाने मोजावी लागते.

यादी आली कुठून?

यादी जुनी आहे, आणि तिच्या जुनेपणातच दोषाचे मूळ आहे. कॅपॅडोशियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील प्रदेशाचा, वैद्य अरेटियस याने या रोगाचे सविस्तर वर्णन केले. न शमणारी तहान, अखंड लघवी, झिजत जाणारे शरीर आणि थोडेच उरलेले आयुष्य असे ते चित्र होते. 'डायबेटिस' या ग्रीक शब्दाच्या मुळाशी आरपार वाहून जाण्याची, वक्रनलिकेसारखी कल्पना आहे. आपल्याकडील वैद्यांनी लघवीच्या गोडीवर नाव ठेवले : मधुमेह. सुश्रुतसंहितेत तर प्रमेहाचे दोन वर्ग केलेले दिसतात. एक सहज, म्हणजे जन्मजात; त्याचा रोगी कृश. दुसरा अपथ्यनिमित्त, त्याचा रोगी स्थूल, भरपूर खाणारा, बसून-झोपून राहणारा. १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी रोग्याची लघवी आटवून उरलेला पदार्थ साखरेसारखा असल्याचे दाखवले, आणि रक्तातील द्रवही गोड असल्याची नोंद केली.

या सर्व निरीक्षकांकडे साधने कोणती होती? डोळे, जीभ आणि रोग्याची तक्रार. रक्तातील साखर मोजण्याची सोय नव्हती. त्यामुळे जो रोगी तहानेने व्याकूळ होऊन वैद्याकडे आला तोच त्यांना दिसला. अरेटियसला हा रोग विरळ वाटला यात नवल नाही. ज्यांचा रोग अजून बोलू लागला नव्हता ते त्याच्या नजरेस पडणे शक्यच नव्हते. आपला तक्ता आजही त्याच रोग्याचे वर्णन करतो. तो रोगाचे वर्णन आहे, पण ते पुढे गेलेल्या रोगाचे आहे.

मूत्रपिंडाचा उंबरठा

असे का घडते हे समजायला थोडा हिशेब करू. आपली दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळून घेतात. निरोगी माणसाच्या दर १०० मिलिलिटर रक्तद्रवात साधारण १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते असे धरले, तर एका लिटरमध्ये १ ग्रॅम. म्हणजे दिवसाला सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळात उतरते. चहाच्या दोन-तीन कपांत मावेल एवढी ही साखर लघवीवाटे गेली, तर शरीराचे दिवाळे निघेल. तसे होत नाही, कारण मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका ती जवळजवळ सगळी परत शोषून रक्तात पोचवतात.

पण या परत घेण्याला मर्यादा आहे. रक्तातील पातळी साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की नलिकांना सगळे ग्लुकोज परत घेणे जमत नाही आणि ते लघवीत उतरू लागते. यालाच मूत्रपिंडाचा उंबरठा म्हणतात. ग्लुकोज एकटे जात नाही. परासरणाच्या नियमाने ते पाणीही सोबत ओढून नेते. म्हणून लघवी वाढते. पाणी गेले म्हणून तहान वाढते. दर ग्रॅम ग्लुकोजमागे सुमारे ४ किलोकॅलरी वाया जातात, म्हणून भूक लागते आणि वजन उतरते.

इथे तक्त्याचा पहिला दोष हाती लागतो. लघवी, तहान, भूक आणि वजनातील घट ही चार स्वतंत्र लक्षणे म्हणून छापली जातात. वाचणाऱ्याला वाटते की चार वेगवेगळे साक्षीदार पहाऱ्यावर आहेत. एक चुकला तर दुसरा सांगेल. प्रत्यक्षात ही प्रामुख्याने एकाच घटनेची साखळी आहे. उंबरठा ओलांडला तर चौघे बोलतात, नाही ओलांडला तर चौघेही गप्प बसतात.

मुका पट्टा

मधुमेहाची व्याख्या मात्र उंबरठ्यावर बेतलेली नाही. उपाशीपोटी रक्तशर्करा १२६ मिलिग्रॅम वा अधिक, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० वा अधिक, किंवा लोक ज्याला 'तीन महिन्यांची सरासरी साखर' म्हणतात ते एचबीए१सी ६.५ टक्के वा अधिक, असे निकष आहेत. लक्षणे नसतील तर निदान पक्के करण्यासाठी चाचणी पुन्हा करून पाहतात. उपाशीपोटीची मर्यादा पूर्वी १४० होती. १९९७ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने ती १२६ केली व पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही ती स्वीकारली. हे आकडे ठरवताना तहानेचा विचार केलेला नव्हता. कोणत्या पातळीपासून डोळ्यांच्या दृष्टिपटलावर मधुमेहाची इजा अधिक दिसू लागते, हा एक महत्त्वाचा आधार होता.

आता १२६ आणि १८० यांमधला पट्टा पाहा. ज्याची उपाशीपोटीची साखर १४० आहे तो व्याख्येने मधुमेही आहे. जेवणानंतर काही वेळ त्याची पातळी उंबरठ्यावर जाईल आणि थोडी साखर लघवीत उतरेलही, पण तेवढ्याने तहान जाणवण्याइतके पाणी जात नाही. तो तक्त्यासमोर उभा राहून सगळ्या ओळी प्रामाणिकपणे वाचील आणि निश्चिंत होऊन घरी जाईल. वय वाढते तसा कित्येकांचा उंबरठा वर सरकतो. अशा माणसाचा पट्टा आणखी रुंद होतो.

या मुक्या पट्ट्यात माणूस किती काळ राहतो? १९९२ मध्ये मॉरीन हॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी निदानाच्या वेळी दृष्टिपटलाची इजा किती जणांत आढळते यावरून मागे हिशेब केला. प्रौढांचा मधुमेह निदानापूर्वी किमान ४ ते ७ वर्षे आधी सुरू झालेला असतो, असे त्यांचे अनुमान होते. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात ५,००० हून अधिक नव्याने निदान झालेले रोगी होते. त्यांपैकी सुमारे निम्म्यांत निदानाच्या वेळीच मधुमेहजन्य इजेचा काही ना काही पुरावा होता. म्हणजे रोग 'सुरू' होण्याच्या दिवशीच निम्म्यांच्या शरीरात त्याचे काम चालू झालेले होते.

चाळिशीच्या सबबी

समजा, लक्षणे उमटलीच. तरी ती ओळखता येतील का? येथे तक्ता वाचकाच्या वयाचा विचार करत नाही. अंधुक दिसू लागले तर चाळिशी लागली असे म्हणून माणूस चष्म्याच्या दुकानात जातो. साखरेच्या चढउताराबरोबर डोळ्याच्या भिंगातील पाण्याचे प्रमाण बदलते व चष्म्याचा नंबरही हलतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पुरुष रात्री दोनदा उठू लागला तर प्रोस्टेटला दोष दिला जातो. तहान लागली तर ऊन कडक आहे. थकवा आला तर परीक्षेच्या उत्तरपत्रिका आहेत. वजन उतरले तर शेजारी अभिनंदन करतात! खोकल्यासोबत वजन उतरत असेल तर क्षयरोगाची शंका येते. ती यायलाच हवी, पण मधुमेहाने क्षयरोगाचा धोका दुप्पट-तिप्पट होतो, म्हणून तिथे दोन्ही तपासण्या कराव्या लागतात.

उलट ज्या खुणा प्रौढांत बोलक्या असतात त्या तक्त्यात सहसा नसतात. जननेंद्रियाजवळ वारंवार येणारी खाज व बुरशीचा संसर्ग हे त्यांपैकी एक. संकोचामुळे ही ओळ गाळली जाते, आणि संकोचामुळेच रोगीही ती सांगत नाही. मानेच्या मागे व काखेत मखमलीसारखी जाड, काळसर झालेली त्वचा हे दुसरे. इन्शुलिनला शरीर दाद देईनासे झाल्याची ती खूण असू शकते, आणि आपल्याकडे तिला मळ समजून घासले जाते. पुन्हापुन्हा येणारी गळवे, हिरड्यांचे न हटणारे दुखणे, पायांना मुंग्या येणे ही आणखी काही.

सर्वांत फसवे लक्षण तर 'काहीही न जाणवणे' हेच आहे. पायाच्या मज्जातंतूंना इजा झाली की संवेदना कमी होते. चपलेतला खिळा टोचत नाही. तक्ता म्हणतो, जखम लवकर भरत नाही. पण ज्याला जखम झाल्याचेच कळले नाही त्याने ही ओळ कशी वापरावी?

चित्रातला गृहस्थ

आता चित्राकडे वळू. सुटलेल्या पोटाचे चित्र अगदीच चूक नाही. पोटाचा घेर हा धोक्याचा चांगला निदर्शक आहे. पण ते चित्र पाहून सडपातळ वाचक स्वतःला यादीतून वगळतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने नेमक्या याच समजाला धक्का दिला. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत दोघांचेच छायाचित्र व मोजमापे छापली. दोघांचाही शरीरभार-निर्देशांक २२.३, म्हणजे दोघेही 'सडपातळ'. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला बारीक पण आतून चरबीयुक्त अशी ही भारतीय शरीरयष्टी आहे. पुणे परिसरातील सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात तिच्या खुणा नवजात बाळांतही सापडल्या. आपल्या तक्त्यावरचा गृहस्थ परदेशी पुस्तकातून उतरलेला दिसतो; तो आपल्या गावचा नाही.

तक्ता कुठे कामी येतो?

टीका न्याय्य व्हायची तर तक्त्याची ताकदही सांगितली पाहिजे. मुलांच्या मधुमेहात, ज्याला प्रकार १ म्हणतात, स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट होतात आणि रोग काही आठवड्यांतच उंबरठा ओलांडून बोलू लागतो. इटलीतील पार्मा प्रांतात १९९१ पासून शाळांमध्ये व बालरोगतज्ज्ञांकडे एक साधे भित्तिपत्रक लावण्यात आले. अंथरूण ओले करण्याची सवय सुटलेले मूल पुन्हा तसे करू लागले, फार पाणी पिऊ लागले, तर लगेच तपासा, हा त्याचा संदेश. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बेशुद्धीकडे नेणाऱ्या गंभीर अवस्थेत रुग्णालयात येणाऱ्या मुलांचे प्रमाण तेथे पुष्कळ घटले. म्हणजे जो रोग स्वतःहून ओरडतो त्याच्यासाठी लक्षणांचा तक्ता जीव वाचवतो. हाच तक्ता गप्प राहणाऱ्या रोगासाठी लावणे ही आपली गफलत आहे. मुलामुलींसाठी तो शाळेत जरूर असावा. प्रौढांसाठी दुसरा हवा.

दुसरा तक्ता कसा असावा?

तो 'तुम्हाला काय होते' असे न विचारता 'तुम्ही कोण आहात' असे विचारील. असा एक तक्ता उपलब्धच आहे. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये भारतीयांसाठी धोकागुणांची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात चारच गोष्टी आहेत : वय, कमरेचा घेर, शारीरिक श्रम आणि आई-वडिलांना मधुमेह असणे. एकूण गुण १००. ६० किंवा अधिक म्हणजे धोका मोठा. एक उदाहरण घेऊ. ४५ वर्षांचे शिक्षक. वयाचे २० गुण. कमर ९४ सेंटिमीटर; १० गुण. व्यायाम नाही, कामही बैठे, ३० गुण. आईला मधुमेह, १० गुण. बेरीज ७०. या गृहस्थांना तहान नाही, थकवा नाही, काही नाही. तरी त्यांनी रक्त तपासून घ्यायला हवे. या पद्धतीत लक्षणाची एकही ओळ नाही, हेच तिचे सामर्थ्य. आपल्या सरकारी कार्यक्रमातही ३० वर्षांवरील सर्वांची तपासणी अपेक्षित आहे, लक्षणे असोत वा नसोत.

हा मुद्दा किती जणांना लागू आहे? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, २००८ ते २०२० या काळात १,१३,०४३ जणांना तपासलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज असा : देशात १० कोटींहून अधिक प्रौढांना मधुमेह, म्हणजे ११.४ टक्के. गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के होते, देशात सर्वाधिक.

वर्गात काय करता येईल?

एक पारदर्शक, उंच प्लॅस्टिकची बाटली घ्या. प्रमाण ठरवा : १ सेंटिमीटर म्हणजे १० मिलिग्रॅम. तळापासून १० सेंटिमीटरवर 'निरोगी', १२.६ वर 'मधुमेह' अशा रेघा ओढा आणि १८ सेंटिमीटरवर तापवलेल्या सुईने भोक पाडा. बाटली ताटात ठेवून तिच्याभोवती कागद गुंडाळा. फक्त भोक उघडे ठेवा. आता हळूहळू पाणी ओता आणि मुलांना फक्त ताटाकडे पाहून पातळी सांगायला लावा. ताट बराच वेळ कोरडेच राहील. मग कागद काढा. ताटातले पाणी म्हणजे लक्षण, बाटलीतली पातळी म्हणजे रोग. दोन्हींतला फरक मुले आयुष्यभर विसरणार नाहीत.

वरच्या वर्गांना बेनेडिक्टच्या द्रावणाची परीक्षा ठाऊक असते. ग्लुकोजची वेगवेगळ्या तीव्रतेची द्रावणे करून निळ्यापासून हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी अशी रंगमालिका दाखवा. कोणाच्याही लघवीची वा रक्ताची गरज नाही. मग प्रश्न टाका : एखाद्याच्या लघवीची परीक्षा निळी आली, तर काय सिद्ध झाले? उत्तर इतकेच की मागच्या काही तासांत उंबरठा फारसा ओलांडला गेला नाही. मधुमेह नाही, असे मुळीच नाही. उलट ग्लिफ्लोझिन गटातील आजची औषधे नलिकांना ग्लुकोज परत घेऊ देत नाहीत. ती घेणाऱ्याच्या लघवीत, रक्तातील साखर आटोक्यात असतानाही, ग्लुकोज सापडते. एका रंगामागे किती गृहीतके दडलेली असतात याचा हा उत्तम पाठ होईल.

एक आक्षेप

सर्वांना तपासून तरी फायदा होतो का, असा रास्त आक्षेप घेतला जातो. इंग्लंडच्या पूर्व भागात धोक्याच्या गटातील सुमारे २०,००० जणांवर झालेल्या अभ्यासात तपासणीला बोलावलेल्या व न बोलावलेल्या गटांच्या मृत्युदरात दहा वर्षांत फरक आढळला नाही; तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणी म्हणजे जादू नव्हे, हा धडा त्यातून घ्यावा. पण तेथे रोगी दवाखान्यात एरवीही जात-येत असतो, त्याचा रक्तदाब पाहिला जातो. जिथे निदानाची पहिली संधी पायाच्या न भरणाऱ्या जखमेनेच मिळते, तिथे हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. शिवाय लवकर कळण्याचे दुसरेही फळ आहे. डॉ. रामचंद्रन यांच्या भारतीय अभ्यासात (२००६) साखर वाढू लागलेल्या, पण अजून मधुमेह न झालेल्या लोकांना आहार व चालणे यांबाबत मार्गदर्शन दिले, तेव्हा तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण चतुर्थांशाहून अधिक घटले. या लोकांना लक्षणे असण्याचा प्रश्नच नव्हता. तक्त्याच्या भरवशावर ते कधीच सापडले नसते.

तेव्हा भिंतीवरचा तक्ता फाडून टाकण्याची गरज नाही. त्याच्याखाली ठळक अक्षरांत दोन ओळी वाढवाव्यात : 'यांपैकी काहीही होत नसले तरी मधुमेह असू शकतो. वय तिशीच्या पुढे असेल तर रक्त तपासून घ्या.' पुढच्या आरोग्य सप्ताहात मुले फलक रंगवतील तेव्हा एवढी दुरुस्ती शिक्षकांच्या हातात आहे. आणि शिक्षक-खोलीत कमरेभोवती फिरवायला शिवणकामाची टेप मिळाली, तर तपासणीची सुरुवात तिथूनच करावी.